कोणाला वाळीत टाकायचं? बकली, वेल्च आणि अमेरिकी कॉन्झर्वेटिव्हांचा १९६२ चा निर्णय

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो: कॉन्झर्वेटिव्ह, म्हणजे परंपरावादी उजव्या, विचारांचं खरं प्रतिनिधित्व कोण करतं? कोणी रोनाल्ड रेगन म्हणतं, कोणी डोनाल्ड ट्रम्प. वाचनाची आवड असलेले रसेल कर्क किंवा टॉमस सोवेल यांची नावं पुढे करतात. नावांवरून तावातावाने वाद होतात. पण हे नाव ठरवण्याचा अधिकार कोणाला, आणि तो येतो कुठून, इथपर्यंत चर्चा क्वचितच पोचते. या प्रश्नाचं उत्तर एकदा अगदी जाणूनबुजून, पाच माणसांनी बसून ठरवलं होतं. त्याचे कागद उपलब्ध आहेत, परिणाम दिसले आहेत आणि आता साठ वर्षं उलटल्यामुळे त्याचा हिशेबही मांडता येतो. म्हणून हे एकच प्रकरण घेतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘प्रतिनिधी कोण असावा’ आणि ‘प्रतिनिधी कोण आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९६२ मध्ये संपादक विल्यम बकली यांनी, रॉबर्ट वेल्च या टोकाच्या नेत्याला वाळीत टाकून, पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या कौशल्याने दिलं की पुढची पन्नास वर्षं जगाने तेच दुसऱ्याचंही उत्तर मानलं.

दोन माणसं

विल्यम एफ. बकली यांचे वडील तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेले कट्टर कॅथलिक. मुलगा येल विद्यापीठात शिकला आणि १९५५ च्या नोव्हेंबरात, वयाची तिशी गाठायच्या आधीच, त्याने ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं. ते कधी नफ्यात चाललं नाही, देणगीदारांच्या भरवशावरच चाललं. पण त्याची गरज होती. त्या काळात अमेरिकेत स्वतःला कॉन्झर्वेटिव्ह म्हणवणारी माणसं विखुरलेली होती. सरकारने बाजारात लुडबूड करू नये म्हणणारे अर्थवादी एकीकडे, धर्म आणि परंपरा जपायला हवी म्हणणारे कर्क यांच्यासारखे लेखक दुसरीकडे. कम्युनिझमविरोधात हयात घालवायला निघालेले, आणि त्यांतले कितीतरी पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट, तिसरीकडे. यांचं आपसात पटत नव्हतं. फ्रँक मायर संपादकांच्या यादीत असल्यामुळे कर्क यांनी त्या यादीत आपलं नाव घालू दिलं नव्हतं, लिहीत मात्र राहिले. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी रूझवेल्टच्या काळातल्या बहुतेक कल्याणकारी योजना तशाच चालू ठेवल्या होत्या, त्यामुळे तिन्ही गटांना पक्षातही आपलं घर वाटत नव्हतं. बकलींनी या सगळ्यांना एका मुखपृष्ठाखाली आणलं.

रॉबर्ट वेल्च वयाने बकलींपेक्षा पंचवीस-सव्वीस वर्षांनी मोठे, मिठाईच्या धंद्यातले. भावाच्या कंपनीत त्यांनी विक्रीची बाजू सांभाळली. काडीवरच्या कॅरमेलचा ‘शुगर डॅडी’ हे त्याच कंपनीचं उत्पादन. डिसेंबर १९५८ मध्ये वेल्च यांनी इंडियानापोलिस शहरात अकरा ओळखीच्या माणसांना बोलावलं, दोन दिवस स्वतःच बोलले आणि ‘जॉन बर्च सोसायटी’ स्थापन केली. जॉन बर्च हा चीनमध्ये गेलेला तरुण बाप्टिस्ट मिशनरी आणि अमेरिकी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातला अधिकारी. दुसरं महायुद्ध संपता संपता, ऑगस्ट १९४५ मध्ये, चिनी कम्युनिस्ट सैनिकांनी त्याला मारलं. वेल्च यांच्या लेखी तो तिसऱ्या महायुद्धाचा पहिला बळी होता.

संघटनेची रचना पाहण्यासारखी होती. वीसेक माणसांच्या आतल्या शाखा, बैठका कोणाच्या तरी घरी, महिन्याला एक पत्रक आणि त्या पत्रकात त्या महिन्यात काय काय करायचं याची कामं नेमून दिलेली. कोणत्या सिनेटरला पत्र लिहायचं, शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीत कोणाला उभं करायचं, नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालण्याला विरोध कुठे करायचा. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्यावर महाभियोग चालवा, असे भलेमोठे फलक हमरस्त्यांवर लागले ते यांचेच. दक्षिण कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना इथले डॉक्टर, दंतवैद्य, छोटे कारखानदार आणि फार मोठ्या संख्येने गृहिणी यात उतरल्या. साठच्या दशकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतल्या सभासदसंख्येचे अंदाज साधारण ६० हजार ते १ लाख इतके आहेत. बकलींकडे वाचक होते, वेल्च यांच्याकडे रोज संध्याकाळी घराबाहेर पडणारी माणसं होती. पुढचं सगळं याच फरकातून घडलं.

सुरुवातीला दोघांत वैर नव्हतं. बकलींच्या नव्या नियतकालिकाला वेल्च यांनी थोडी देणगीही दिली होती. दोघांचा शत्रू एकच होता.

अडचण कुठे झाली

वेल्च यांनी एक टंकलिखित हस्तलिखित विश्वासातल्या लोकांमध्ये फिरवलं होतं. त्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हे कम्युनिस्ट कटाचे जाणीवपूर्वक काम करणारे हस्तक आहेत, असं थेट म्हटलं होतं. नाझी जर्मनीचा पराभव करणाऱ्या मित्रराष्ट्रांच्या सेनापतीबद्दल हे विधान होतं. पुढे छापील आवृत्ती निघाली तेव्हा ते वाक्य मवाळ झालं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९६० मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने ते उघडं केलं. १९६१ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या दैनिकाने आणि मागोमाग ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने संघटनेवर लिहायला घेतलं. ‘टाइम्स’ तेव्हा पक्कं रिपब्लिकन वृत्तपत्र, त्यामुळे त्याची टीका जास्त झोंबली. सांता बार्बराचे संपादक टॉमस स्टोर्क यांना या लिखाणाबद्दल पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. एप्रिलमध्ये जर्मनीतल्या एका अमेरिकी डिव्हिजनचे प्रमुख जनरल एडविन वॉकर यांना पदावरून हटवलं गेलं, कारण ते सैनिकांपुढे बर्च सोसायटीची मतं मांडत होते. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी लॉस एंजेलिसमध्ये बोलले आणि त्यांनी टोकाच्या उजव्यांना नाव न घेता फटकारलं.

आता ‘कॉन्झर्वेटिव्ह’ म्हटलं की वर्तमानपत्रांच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे वेल्च यायला लागले होते. विरोधकांना हे सोयीचं होतं, कारण वेल्च यांचा एक उतारा छापला की बाकी वाद घालायची गरजच उरत नव्हती.

पाम बीचची बैठक

जानेवारी १९६२ मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीच इथल्या ‘ब्रेकर्स’ हॉटेलात काही माणसं भेटली. या भेटीचा तपशील बकलींनी स्वतः लिहिला, आणि तो २००८ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या सुमारास प्रसिद्ध झाला. बोलावणारे होते विल्यम बरूडी, ‘अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट’ ही संस्था वाढवणारे. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर होते, कारण १९६४ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना मिळावी अशी सर्वांची इच्छा होती. मिशिगनमधल्या मेकोस्टा या खेड्यात राहून लिहिणारे रसेल कर्क होते. जनसंपर्काच्या क्षेत्रातले जे हॉल होते आणि स्वतः बकली.

प्रश्न एकच: बर्च सोसायटीचं काय करायचं? कर्क यांचं मत स्पष्ट होतं, वेल्च यांच्यापासून फारकत घ्यायलाच हवी. आयझेनहॉवर कम्युनिस्ट नाहीत, ते गोल्फ खेळणारे गृहस्थ आहेत, हे कर्क यांचं वाक्य त्या काळी तोंडातोंडी झालं होतं. गोल्डवॉटर यांची अडचण वेगळी होती आणि त्यांनी ती लपवली नाही. बकलींच्या आठवणीनुसार ते म्हणाले की ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात दर दुसरा माणूस या सोसायटीत आहे. आणि हे कोणी गावगन्ना लोक नाहीत, शहरातली वजनदार, प्रतिष्ठित माणसं आहेत. त्यांना दुखवून निवडणूक कशी लढवायची?

तोडगा निघाला तो असा. बकली आणि कर्क वेल्च यांच्यावर लिहितील. गोल्डवॉटर, विचारलं गेल्यावर, वेल्च यांची मतं आपली नाहीत असं सांगतील. सभासदांना मात्र कोणी हात लावायचा नाही. नेता वाळीत टाकायचा, अनुयायी ठेवून घ्यायचे.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. ‘आपला प्रतिनिधी कोण’ हे ठरवायला बसलेल्या खोलीत एक विचारवंत, एक संपादक, एक संस्थाचालक, एक जनसंपर्कवाला आणि एक उमेदवार होता. ज्यांच्या प्रतिनिधित्वाची चर्चा चालली होती, त्या घरोघरच्या बैठकांतलं कोणीही तिथे नव्हतं. तरी मी याला कट म्हणणार नाही. निर्णय कुठेतरी, कोणीतरी घ्यायलाच हवा होता. आणि तो घेणाऱ्यांना आपण काय गमावतोय याची पूर्ण कल्पना होती.

अग्रलेख

१३ फेब्रुवारी १९६२ च्या अंकात ‘नॅशनल रिव्ह्यू’ने वेल्च यांच्यावर दीर्घ अग्रलेख छापला. लेखाची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. बकलींनी सभासदांची आधी मनापासून स्तुती केली: देशातले सर्वांत कळकळीचे, पदरमोड करून काम करणारे कम्युनिस्टविरोधक यांच्यात आहेत. मग प्रश्न टाकला की असे लोक ज्याच्या मागे चालतात, त्या माणसाची मतं त्यांच्या मतांपासून आणि साध्या व्यवहारज्ञानापासून इतकी दूर असतील, तर संघटना काम कसं करणार? वेल्च यांची मूळ चूक बकलींनी नेमकी पकडली. परिणामावरून हेतू ठरवायचा, ही त्यांची पद्धत होती. अमेरिकी धोरणाचा फायदा कम्युनिस्टांना झाला, म्हणजे धोरण आखणाराच कम्युनिस्ट. क्यूबातलं कास्ट्रो सरकार उलथवण्याची बे ऑफ पिग्जची मोहीम फसली, म्हणजे ती फसावी म्हणूनच आखली होती. अशा तर्काला अंत नसतो, कारण जगातला प्रत्येक गलथानपणा त्यात गद्दारी ठरतो.

हा अग्रलेख लिहिणं सोपं नव्हतं. संपादक मंडळातच मतभेद होते. जेम्स बर्नहॅम बकलींच्या बाजूने होते. प्रकाशक विल्यम रशर, मायर आणि बकलींचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांना आपल्याच वाचकांवर असा प्रहार धोक्याचा वाटत होता. त्यांची भीती खरी ठरली. संतापाची पत्रं आली, लोकांनी वर्गणी बंद केली, देणगीदार नाराज झाले. पैशाची कायम ओढाताण असलेल्या पाक्षिकाला हे परवडण्यासारखं नव्हतं. मात्र पुढच्याच अंकात गोल्डवॉटर यांचं पत्र छापून आलं: कम्युनिझमविरोधाची सेवा करायची तर वेल्च यांनी राजीनामा द्यावा, हे बरं. टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनीही पाठिंबा दिला. वेल्च यांनी राजीनामा दिला नाही.

विरोधकांवर टीका करायला कोणालाच काही मोजावं लागत नाही. बकलींनी आपल्याच पैसे भरणाऱ्या वाचकाला, त्याला नको असलेली गोष्ट सांगितली आणि तरी त्याच्यासमोर उभे राहिले. कोणत्याही चळवळीचा प्रवक्ता शोधताना मी आधी हेच पाहतो: आपल्या माणसांसमोर त्याने कधी काही गमावण्याची तयारी दाखवली का?

त्याच वर्षी रिचर्ड निक्सन कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. त्यांनी बर्च सोसायटीचा जाहीर निषेध केला आणि पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना उजव्यांचा राग सोसावा लागला. नोव्हेंबरात ते हरले. हरण्याची कारणं अनेक होती, पण नाराज उजवे हे त्यांतलं एक. राजकारण्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

सॅन फ्रान्सिस्को, जुलै १९६४

अग्रलेखाने प्रश्न सुटला असता तर रिपब्लिकन पक्षाचं १९६४ चं अधिवेशन तसं झालं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये नेमस्त गटाने जाहीरनाम्याला दुरुस्ती सुचवली: कम्युनिस्ट पक्ष, वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन आणि जॉन बर्च सोसायटी यांचा नाव घेऊन निषेध करावा. दुरुस्ती मांडायला न्यू यॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर उभे राहिले. त्यांना बोलायला पाच मिनिटं होती, आणि त्यातला कितीतरी वेळ हुर्योमध्येच गेला. ते थांबत, आरडाओरडा वाढे, ते पुन्हा सुरू करत. रॉकफेलर यांचे समर्थक म्हणून सभागृहात हजर असलेले बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी पुढे लिहिलं की हिटलरच्या जर्मनीत ज्यूंना काय वाटलं असेल ते आपल्याला तिथे कळलं. दुरुस्ती फेटाळली गेली.

दोन दिवसांनी गोल्डवॉटर यांनी उमेदवारी स्वीकारताना ते प्रसिद्ध वाक्य उच्चारलं: स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणं हा दुर्गुण नव्हे, आणि न्यायाच्या मागणीत मवाळपणा हा सद्गुण नव्हे. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी वेल्च यांचा राजीनामा मागितला होता, तेच हे बोलत होते. सभागृहातल्या कार्यकर्त्यांना त्यांनी निवडलं होतं, की कार्यकर्त्यांनी त्यांना? दुसरं जास्त खरं आहे. उमेदवारी मिळवून देण्यासाठी मतदारसंघ-मतदारसंघ पालथे घालणाऱ्यांत बर्च सोसायटीची माणसं मोठ्या संख्येने होती. आणि बकलींना मात्र प्रचाराच्या वर्तुळातून बाहेर ठेवलं गेलं. बाहेर ठेवणाऱ्यांत पाम बीचची बैठक बोलावणारे बरूडीच पुढे होते.

निवडणुकीत गोल्डवॉटर यांना ३८ टक्क्यांच्या आसपास मतं आणि फक्त ६ राज्यं मिळाली: स्वतःचं ॲरिझोना, आणि लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. ही पाच दक्षिणी नावं लक्षात ठेवा.

पराभवानंतर, १९६५ च्या ऑगस्टमध्ये, वेल्च यांच्या नियतकालिकाने अमेरिका ६० ते ८० टक्के कम्युनिस्टांच्या ताब्यात असल्याचं जाहीर केलं. आता बकलींनी नेता आणि अनुयायी हा भेद सोडला. १९ ऑक्टोबर १९६५ च्या अंकात त्यांनी, मायर यांनी आणि बर्नहॅम यांनी मिळून संपूर्ण संघटनेलाच नाकारलं. १९६२ मध्ये कच खाणारे मायर या वेळी बरोबर होते. त्याच महिन्यात बकली न्यू यॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवत होते; त्यांना १३.४ टक्के मतं पडली. रेगन यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात तिसरी वाट काढली. वेल्च यांच्यावर टीका केली, पण सभासदांबद्दल म्हणाले की जो मला मत देतो तो माझी भूमिका स्वीकारतो, मी त्याची नव्हे. सुमारे १० लाखांच्या फरकाने ते गव्हर्नर झाले. पाम बीचचा तोडगा सर्वांत चांगला वापरला तो त्या खोलीत नसलेल्या या माणसाने.

ज्याला कोणी बाहेर काढलं नाही

बकलींच्या धैर्याचं कौतुक करताना एक गोष्ट वगळली तर हे प्रकरण खोटं ठरेल. ऑगस्ट १९५७ मध्ये त्यांच्याच नियतकालिकात एक अग्रलेख आला होता. दक्षिणेत जिथे गोरे संख्येने कमी आहेत तिथेही सत्ता गोऱ्यांकडेच राहणं योग्य, कारण सध्या तोच पुढारलेला वंश आहे, असं त्यात म्हटलं होतं. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याचं हे समर्थन होतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला सिनेटमधल्या ३३ रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी पाठिंबा दिला. विरोधातल्या ६ जणांत गोल्डवॉटर होते. त्यांनी १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला मत दिलं होतं, १९६० च्या कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता, आणि १९६४ चा विरोध संविधानाच्या मुद्द्यावर होता असं ते सांगत. मिसिसिपीच्या मतदाराने तो मुद्दा वाचून मत दिलं नाही. फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिज युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेत कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन आणि बकली समोरासमोर आले, आणि विद्यार्थ्यांनी ५४४ विरुद्ध १६४ अशा मतांनी बाल्डविन यांच्या बाजूने कौल दिला.

वेल्च यांचं आयझेनहॉवरविषयीचं वाक्य आणि १९५७ चा अग्रलेख शेजारी ठेवून पाहा. पहिलं हास्यास्पद होतं. त्याने कॉन्झर्वेटिव्हांची प्रतिष्ठा गेली. दुसरं हास्यास्पद नव्हतं, ते माणसांच्या आयुष्यावर बेतणारं होतं. तरी पहिल्यासाठी माणूस वाळीत पडला आणि दुसरं सभ्य लिखाण म्हणून खपलं. केंद्र सरकारच्या हस्तक्षेपाशिवाय दक्षिण सुधारेल असं आपल्याला वाटलं होतं आणि ते चूक होतं, हे बकलींनी २००४ मध्ये मान्य केलं. उशिरा का होईना, त्यांनी ते म्हटलं. पण प्रतिनिधित्वाची सीमा आखताना त्यांनी बुद्धीला न पटणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं, अन्यायावर नाही. या निर्णयातली ही मोठी उणीव आहे, आणि ती आजही ‘बकलींच्या काळी सगळं कसं सुसंस्कृत होतं’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

दारं अनेक झाली तेव्हा

वाळीत टाकण्याची शिक्षा गावात एकच पाणवठा असेपर्यंत चालते. १९६२ मध्ये टीव्हीची तीन मोठी जाळी होती आणि कॉन्झर्वेटिव्हांचं देशभर वाचलं जाणारं वैचारिक नियतकालिक जवळपास एकच. १९६६ पासून १९९९ पर्यंत बकलींचा स्वतःचा चर्चेचा कार्यक्रम टीव्हीवर चालला. प्रेक्षकाला कॉन्झर्वेटिव्ह माणूस कसा बोलतो हे तिथेच कळत होतं. १९८७ मध्ये रेडिओ-टीव्हीवर दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन गेलं, १९८८ मध्ये रेडिओवरचे कॉन्झर्वेटिव्ह निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही वाहिनी सुरू झाली. पुढे इंटरनेट आलं. आता एका संपादकाने पाठ फिरवली म्हणून कोणाचा आवाज बंद होत नव्हता.

२०१० मध्ये ‘सीपॅक’ या कॉन्झर्वेटिव्हांच्या वार्षिक मेळाव्याच्या सहप्रायोजकांमध्ये जॉन बर्च सोसायटीचं नाव होतं. बकलींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

जानेवारी २०१६ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने जुनाच उपाय पुन्हा केला. ट्रम्प यांच्याविरोधात पूर्ण अंक काढला, २२ जणांचे लेख घेतले. मांडणी अभ्यासपूर्ण होती, आणि १९६२ सारखंच यातही नुकसान पत्करण्याची तयारी होती. परिणाम काय? रिपब्लिकन पक्षाने त्या नियतकालिकाला वादसभेच्या आयोजनातून वगळलं आणि ट्रम्प उमेदवार झाले. या वेळी संपादक वाळीत पडले. त्या २२ जणांत ब्रेंट बोझेल यांचे चिरंजीव, म्हणजे बकलींचे भाचेही होते. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यांचंच नाव दक्षिण आफ्रिकेतल्या राजदूतपदासाठी पुढे केलं.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचं वाटेल असं एक नाव इथे येतं. दिनेश डिसूझा, जन्म मुंबईचा, घराणं गोव्याच्या ख्रिश्चनांचं. डार्टमथमध्ये शिकत असताना कॉन्झर्वेटिव्ह विद्यार्थी-पत्रातून पुढे आले, रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये धोरण सल्लागार झाले, बरूडींनी वाढवलेल्या त्याच अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूटमध्ये राहिले. म्हणजे बकलींच्या पंगतीतला हुशार तरुण. त्याच डिसूझा यांनी २०२२ मध्ये, २०२० च्या निवडणुकीत मतांचा मोठा घोटाळा झाल्याचं सांगणारा माहितीपट काढला. २०२४ मध्ये वितरक कंपनीने तो मागे घेऊन माफी मागितली. वेल्च आणि बकली यांच्यातली रेघ एकाच माणसाच्या कारकिर्दीत ओलांडली गेली, आणि ओलांडताना त्याला कोणी अडवलं नाही.

मग यादीत कोण

एवढं पाहिल्यावर कोणी मला अमेरिकी कॉन्झर्वेटिव्हांचे प्रतिनिधी विचारले तर मी एक नाव देणार नाही. विचारांसाठी कर्क घेईन. मतं मागण्याची गरज नसल्यामुळे त्यांनी ती कोणासाठी वाकवली नाहीत. चळवळ बांधण्यासाठी बकली, त्यांच्या १९५७ सह. सत्तेसाठी रेगन, कारण कर्क-बकलींचे वाचक आणि वेल्च यांचे कार्यकर्ते या दोघांची मतं एका पेटीत पाडणं त्यांनाच जमलं. आणि वेल्च यांनाही मी यादीत ठेवीन. त्यांची मतं मला पटतात म्हणून नाही. लाखभर माणसांनी आपली संध्याकाळ त्यांना दिली, आणि प्रातिनिधिक यादी करणाऱ्याला ही माणसं गाळण्याचा अधिकार नाही.

पाचवं नाव मात्र या सगळ्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तेच बहुतेक याद्यांत तळाला असतं: फिलिस श्लाफली. इलिनॉयमधल्या या बाईंनी १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी स्वतः पुस्तक लिहून छापलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. वेल्च त्यांना आपल्या निष्ठावंत सभासद म्हणत. त्या स्वतः सभासदत्व नाकारत राहिल्या. १९७२ मध्ये स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मंजूर केली तेव्हा ती होणार हे सर्वांनी गृहीत धरलं होतं. श्लाफली यांनी गृहिणींना राज्याराज्यांतल्या विधिमंडळांच्या दारात उभं केलं, आणि ३८ राज्यांची गरज असताना दुरुस्ती ३५ वर अडकून १९८२ मध्ये बारगळली. त्यांची भूमिका मला मान्य नाही. पण पाम बीचच्या खोलीत ज्यांना जागा नव्हती त्या बैठकांतूनच त्या आल्या होत्या, आणि त्यांना कोणी नेमलं नव्हतं. मार्च २०१६ मध्ये, ‘नॅशनल रिव्ह्यू’च्या त्या अंकाला दोन महिनेही झाले नसताना, एक्क्याण्णव वर्षांच्या श्लाफली यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. रिपब्लिकन मतदार कोणाबरोबर जाणार, हे त्या २२ लेखकांपेक्षा त्यांना अचूक कळलं होतं.